४५ सेंमीचा हनीकॉम्ब मोरे, ६×२×२ ची टाकी आणि आपला उन्हाळा: जमेल का?

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

मंडळी, मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे हनीकॉम्ब मोरे आलाय (मोरे म्हणजे सापासारखा लांबट समुद्री मासा). लांबी ४५ सेंमी, मेलेली कोळंबी खातो म्हणतात. माझी टाकी ६×२×२ फूट, काच १२ मिमी, खाली ३×१.५×१.५ फुटांचा सम्प (पाणी गाळून परत वर पाठवायची टाकी). अजून पाणी भरलेलं नाही. तळमजला आहे. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ११४०. एप्रिल-मेमध्ये खोली दुपारी ३५ अंशांवर जाते. लाइट जाते ती कधी तासभर, वळवाच्या पावसात कधी रात्रभर.

प्रश्न असे: टाकी पुरेल का? झाकण कशाचं करावं? चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) घ्यावाच लागेल की पंख्यावर भागेल? जायकवाडीचा रोहू-कटला ताजा मिळतो, तो खायला चालेल का? आणि इथल्या दुकानात ‘गोड्या पाण्यातला स्नोफ्लेक मोरे’ म्हणून एक विकायला ठेवलाय, तो सोपा पडेल का?

मांजराकाठ (लातूर)

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथंच बरेच जण फसतात. तो बहुतेक जिम्नोथोरॅक्स टाइल असणार. गंगेच्या मुखाकडचा, खाडीतला मासा. गोड्या पाण्यात काही महिने तग धरतो म्हणून दुकानदार तसा विकतात. पुढं खाणं सोडतो, कातडीवर पांढुरके चट्टे येतात आणि वाळत जातो. त्याला निमखारं ते पूर्ण खारं पाणीच लागतं. म्हणजे मीठ चुकत नाही, सोपंही काही होत नाही. आपल्या गोदावरीतली वाम ती वेगळी, तिचा मोरे कुळाशी काही संबंध नाही. (आणि आडनावाच्या मोऱ्यांशी तर कुणाचाच नाही.)

आता हनीकॉम्ब. जिम्नोथोरॅक्स फॅवाजिनियस. नोंदलेली कमाल लांबी ३ मीटर, आणि दीड मीटरच्या पुढं तर तो सहज जातो. तुमची टाकी २ फूट रुंद. एवढ्या जाडजूड माशाला त्यात नीट वळताही येणार नाही. त्याला कमीत कमी ८×३ फूट तळ पाहिजे. उंचीला महत्त्व नाही, २ फूट बास. ‘लहान आहे तोवर ठेवतो, मग मोठी टाकी करतो’ हा हिशेब कागदावरच राहतो. तेव्हा तो मोठा मोरे घ्यायला कुणी तयार नसतो.

६×२×२ मध्ये दोन पर्याय नीट बसतात:

स्नोफ्लेक (एकिड्ना नेब्युलोसा). साधारण ६०-७० सेंमी, क्वचित मीटरभर.

झेब्रा (जिम्नोम्युरीना झेब्रा). दीड मीटरपर्यंत जातो, पण सडपातळ आणि संथ. खेकडे-कोळंबी फोडून खाणारा, त्यामुळं दात सुयांसारखे नसतात, बोथट असतात. सोबतच्या मोठ्या माशांना सहसा त्रास नाही.

हनीकॉम्बचे दात मासे पकडायचे. सोबत काहीही ठेवा, ते त्याचं उद्याचं जेवण. तोंड सारखं उघडझाप करतोय म्हणजे चिडलाय असं मात्र कुठल्याच मोरेबाबत समजू नका. तो त्याचा श्वास आहे, कल्ल्यांवरून पाणी तसंच ढकलावं लागतं त्याला.

झाकण. मोरे मरतात ते रोगानं कमी आणि फरशीवर वाळून जास्त. डोकं शिरलं की अख्खं अंग निघतं, आणि नुसतं ठेवलेलं झाकण तो खालून डोक्यानं उचलतो. अॅक्रिलिक वाकतं, ६ मिमी पॉलीकार्बोनेटसुद्धा दोन फुटांच्या गाळ्यात मधोमध झुकतं आणि कोपरे वर येतात. ८ मिमी काचेचे २×२ फुटांचे तीन तुकडे करा, कडा घासून घ्या. एकेक तुकडा सात-साडेसात किलोचा होतो. वजनावर विसंबू नका, वरून प्लास्टिकच्या खिट्ट्या लावा. स्टीलच्या नको, खाऱ्या हवेत ३१६ ग्रेडलासुद्धा तांबेरा धरतो. पाइप आणि वायरसाठी कोपरा कापू नका, काचेला गोल भोक पाडून घ्या. ४५ सेंमीच्या माशाला कुठंही १ सेंमीपेक्षा मोठी फट राहता कामा नये. फटीत स्पंज कोंबला तर रात्रीतून ढकलून देतो.

ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी सम्पमध्ये उतरतं त्या कप्प्याच्या) दातऱ्यांवर प्लास्टिकची जाळी घट्ट बसवा. ती नसेल तर मासा एक दिवस सम्पमध्ये सापडतो, किंवा पाइपात अडकतो आणि टाकीचं पाणी बाहेर वाहतं.

काळीमाती (जालना)

पाण्याचं सगळे सांगतील, मी जमिनीचं सांगतो. ६×२×२ मध्ये ६८० लीटर, त्यावर काच, दगड, सम्प, लोखंडी स्टँड. टन-सव्वा टन धरा. १२ चौरस फुटांत हे वजन म्हणजे चौरस मीटरला हजार किलोच्या आसपास. घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलोच्या भारावर धरलेला असतो, म्हणून तळमजला आहे हे बरं.

पण तळमजल्याखाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भिंतींना जशा तिरक्या चिरा जातात तशीच फरशी हलते. टाकीचा एक कोपरा ३-४ मिमी खाली गेला तरी तळाच्या सांध्यावर पीळ पडतो. काच भरल्याबरोबर फुटत नाही, सहा-आठ महिन्यांनी पहिला पाऊस झाला की फुटते. शहाबादी फरशी मातीच्या भरावावर बसवलेली असेल तर स्टँडचे पाय ती फोडून आत जातात.

तेवढ्या जागेची फरशी काढा, काळी माती दोन फूट खोल उपसा, मुरूम थरथर टाकून पाणी मारून धुम्मस करा, वर सळई घालून ६ इंची काँक्रीट. स्टँडला सुटे पाय नकोत, खाली चारी बाजूंनी सलग चौकट. टाकीखाली १२ मिमीचा थर्माकोल. भरण्याआधी, अर्धी भरल्यावर आणि पूर्ण भरल्यावर पाणसळ लावून बघा, पुढं दर जून आणि ऑक्टोबरमध्ये एकदा.

पूर्णाकाठ (परभणी)

चिलरचा हिशेब मांडून बघा, म्हणजे दुकानदार काय म्हणतो त्यावर राहायला नको.

खोली ३५ आणि पाणी २६ ठेवायचं असेल तर ९ अंशांचा फरक. काचेतून चौरस मीटरला अंशामागं साधारण ५ वॉट उष्णता आत येते. तुमच्या टाकीचा तळ, बाजू आणि झाकण मिळून ५.२ चौरस मीटर. म्हणजे २३५ वॉटच्या आसपास, त्यात पंप वगैरेंचे ८० वॉट. एकूण ३१५. मागची काच, दोन्ही बाजू आणि तळ यांना २५ मिमी थर्माकोल लावला तर शंभरएक वॉट कमी होतात. उरले २१०-२१५.

एक लीटर पाणी वाफ होऊन गेलं की ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातं. दिवसाला ८ लीटर उडवलं तर ५.४ युनिट, म्हणजे चोवीस तास २२५ वॉट थंडावा. आपल्याकडं एप्रिल-मेत हवा इतकी कोरडी असते की तुमच्या सम्पवर दोन पंखे तिरके मारले तर ८-९ लीटर उडतं. मुंबईवाल्यांना हे जमत नाही, आपल्याला जमतं. दुष्काळी हवेचा एवढा तरी फायदा घ्या.

अडचण इथं आहे. पंखा टाकीवर लावायचा तर झाकण उघडं पाहिजे, आणि मोरेला झाकण बंद पाहिजे. म्हणून थंड करायचं काम सगळं सम्पवर करायचं, टाकी बंदच ठेवायची. सम्पमधून तासाला टाकीच्या ५-६ पट पाणी फिरलं पाहिजे, तरच वर-खाली एकच तापमान राहतं. बंद झाकणाखाली प्राणवायूची देवाणघेवाणही थांबते, तीसुद्धा सम्पमधला स्किमरच (हवेच्या बुडबुड्यांनी पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) करतो.

दुसरी मेख: त्याच खोलीत वाळ्याचा कूलर लावला की हवा थंड वाटते, पण दमट होते. मग सम्पमधून ८ ऐवजी ४ लीटरच उडतं आणि माणसाला बरं वाटत असताना पाणी २९ वर जातं. कूलर दुसऱ्या खोलीत ठेवा.

मग चिलर नको का? माझ्या मते १/३ एचपीचा एक असावा, पण रोजच्यासाठी नाही. मृगाच्या आधीचे ते आठ-दहा दिवस असतात ना, ऊनही आणि घामही, तेव्हा पंखे निकामी होतात. कंट्रोलर असा लावा: २६ अंशांना पंखे सुरू, २७.५ ला चिलर. चिलरची गरम हवा खिडकीबाहेर जाऊ द्या, नाहीतर तो आपलीच टाकी तापवत बसतो.

आणि हिवाळा विसरू नका. आमच्याकडं जानेवारीत पारा पाच-सहावर येतो. २०० वॉटचे दोन हीटर, सम्पमध्ये. टाकीत कधीच नाही. मोरेला खवले नसतात, तो उबेसाठी हीटरला वेटोळं घालून बसतो आणि कातडी भाजून घेतो.

मांजराकाठ (लातूर)

वरच्या हिशेबाला दुजोरा, फक्त एक जोड. रोज ८ लीटर उडतं ते निव्वळ पाणी, मीठ मागंच राहतं. सात-साडेसातशे लीटरमध्ये तीन दिवस भर घातली नाही तर खारटपणा दर हजारी ३५ चा ३६ होऊन जातो. फ्लोट लावून आरओ-डीआय (गाळून जवळपास क्षारमुक्त केलेल्या) पाण्याचा कॅन जोडून टाका. मिठाचं पाणी कधीच भरायचं नाही, साधंच.

११४० टीडीएसचं बोअर चांगल्या आरओ मेम्ब्रेनमधून ५०-६० वर येतं. पुढं रेझिन (उरलेले क्षार धरणारे दाणे) लागतंच, कारण शेतातल्या खताचा नायट्रेट मेम्ब्रेन पूर्ण अडवत नाही. मेम्ब्रेनआधी अँटिस्केलंट घाला, नाहीतर क्षार धरून काही महिन्यांत बसतो. पाणी विकणाऱ्यांचे २० लीटरचे जारही शून्य टीडीएसचे नसतात, चवीसाठी मुद्दाम मिसळ करतात. टीडीएस मोजायचा पेन बुडवून बघा.

एका लीटरमागं तीन लीटर वाया. आठवड्याला ११० लीटर बदलायचं तर ३३० लीटर सांडणार. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावात बसून हे लिहितोय, त्यामुळं स्पष्टच सांगतो: ते पाणी साठवायला वेगळी टाकी नसेल तर हा नाद करू नका. भांडी, फरशी, संडास याला ते चालतं. झाडांना सारखं घालू नका, क्षार साचतात.

मीठ लीटरला ३६ ग्रॅम म्हणजे ३५ खारटपणा. पहिल्या भरणीला २७ किलो. नुसते मासे असतील तर ३०-३१ वरही चालतं, चार किलो वाचतात. खायचं किंवा मिठागराचं मीठ नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण समुद्रासारखं नसतं.

गोदाघाट (नांदेड)

रोहू-कटला नको. कार्प कुळातल्या बऱ्याच माशांत थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं. नेहमी तेच खाऊ घातलं की महिन्यांनी मोरेचा तोल जातो, घास समोर असून चुकतो, मग खाणं बंद. शिवाय समुद्री माशाला लागणारी लांब साखळीची मेदाम्लं गोड्या पाण्यातल्या माशांत फार कमी. गोल्डफिश सोडणं हाही तोच प्रकार.

बर्फातून येणारी समुद्री मासळी घ्या: कोळंबी सालीसकट, माकूल, खेकड्याचे तुकडे, पांढऱ्या मांसाचे मासे. चार प्रकार फिरवत ठेवा. एकाच प्रकारावर कुठलाही मोरे नीट राहत नाही. पाकिटबंद सोललेली कोळंबी टाळा, तिला पाणी धरून ठेवायला फॉस्फेटची प्रक्रिया केलेली असते. सुकट-बोंबील अजिबात नको. आठवड्यातून एकदा घासात जीवनसत्त्वाचे थेंब.

झेब्रा किंवा स्नोफ्लेक नवीन आला की आठ-पंधरा दिवस, कधी जास्तही उपाशी बसतो. घाबरू नका. दिवे बंद, लोकांची ये-जा बंद, संध्याकाळी चिमट्यानं कोळंबी नाकपुडीजवळ हलवा. नजर अधू, वासावरच चालतो. पहिल्या पावसात आपल्याकडं बांधावर खेकडे निघतात, त्यानं भूक चाळवते, पण कपाशी-सोयाबीनच्या शेतातला खेकडा म्हणजे फवारणीचं औषध. झऱ्याच्या पाण्यातला असेल तरच, नांग्या मोडून.

किती? ६० सेंमीच्या स्नोफ्लेकला दोन-तीन मध्यम कोळंब्या, आठवड्यातून दोनदा. पोटाला हलका फुगवटा दिसला की थांबा. रोज दिलं तरी खाईल, यकृतावर चरबी चढून मरेल. घास तोंडात मावेल असाच कापा. मोठा तुकडा दिला तर अंगाची गाठ मारून तो ओढून फाडतो आणि त्या झटापटीत दगड पाडतो.

आता त्या घासाचं पुढं काय होतं ते बघा. ५० ग्रॅम कोळंबी म्हणजे ९-१० ग्रॅम प्रथिनं, त्यात दीड ग्रॅम नायट्रोजन. त्यातला एक ग्रॅम जरी अमोनिया होऊन पाण्यात आला तरी ७५० लीटरमध्ये नायट्रेट लीटरला ६ मिलिग्रॅमनं वाढतं. आठवड्याला दोन जेवणं, १२ वाढ. तुम्ही दर आठवड्याला १५ टक्के पाणी बदललं तर आकडा कुठं थांबतो? ८० वर. ४० च्या खाली ठेवायचं तर नुसत्या पाणी बदलण्यावर ३० टक्के लागेल आणि तेवढं पाणी आपल्याकडं नाही. म्हणून स्किमर टाकीच्या दुप्पट क्षमतेचा घ्या, उरलेला घास अर्ध्या तासात काढा, फिल्टरची पिशवी खाऊ घातल्याच्या दुसऱ्या दिवशी धुवा. चार दिवसांनी धुतली तर तोवर सगळं विरघळलेलं असतं.

हातानं भरवायचं नाही. लांब चिमटा, ६० सेंमीचा, टोकं बोथट. हाताला वास आहे, त्याला बोट आणि माकूल यातला फरक दिसत नाही. घशात दुसरा जबडा असतो, तो पुढं येऊन घास आत ओढतो. हे २००७ मध्ये नीट समजलं. म्हणून चावला तर हिसका देऊ नका, मांस फाटतं. सोडल्यावर साबणानं भरपूर धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी दवाखाना. खाऱ्या पाण्यातले जंतू जखमेत झपाट्यानं वाढतात.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

हनीकॉम्ब रद्द. झेब्रा बघतो. फरशी खणायची म्हटल्यावर घरात चर्चासत्र चालू आहे, पण होईल. दोन शंका उरल्या: लपायला काय, आणि लाइट रात्रभर गेली तर?

पूर्णाकाठ (परभणी)

लाइटचं सांगतो. १२ व्होल्ट १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास. त्यातले ६० टक्केच वापरा, इन्व्हर्टरमध्ये २० टक्के जातात, हातात साडेआठशे. रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर टाकणारा) ४५, वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा) १०, एअर पंप ५, मिळून ६० वॉट. चौदा तास निघतात. पंखे जोडले तर दहा-अकरा. चिलर आणि हीटर या लाइनवर टाकू नका. घरातला टीव्ही तर मुळीच नाही, टाकीचा इन्व्हर्टर वेगळाच ठेवा.

लाइट गेल्यावर टाकीतलं पाणी रिटर्न पाइपातून उलटं सम्पमध्ये येतं. पाइपाला पाण्याच्या पातळीखाली लगेच ५ मिमीचं भोक पाडा आणि सम्प कायम एक तृतीयांश रिकामा. पाणी भरल्या दिवशीच मेन स्विच पाडून बघा, किती येतं ते कळेल. आणि सगळ्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी.

मांजराकाठ (लातूर)

लपायला पाइप. शेती दुकानात ११० मिमीचा पीव्हीसी मिळतो. चार फुटांचा एक तुकडा, दोन ४५ अंशांचे बेंड, दोन्ही तोंडं उघडी. बंद टोकाशी घाण साचते. अंग पूर्ण आत गेलं पाहिजे, नुसतं डोकं बाहेर. कडा पॉलिश पेपरनं घासा, वर दर अर्ध्या फुटावर २० मिमीचं भोक, सॉल्व्हंटचा वास जाईपर्यंत आठवडाभर पाण्यात. पाइप आणि दगड थेट तळाच्या काचेवर टेकवा, वाळू नंतर टाका. वाळूवर रचलेला दगड तो खालून उकरतो आणि स्वतःच्याच अंगावर घेतो. दगड मेलेलाच घ्या. समुद्रातला प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, कुणी ‘ओरिजिनल’ म्हणून देऊ केला तरी नको.

टाकीत अमोनियम क्लोराइड घालून चार-सहा आठवडे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढू द्या. लीटरला २ मिलिग्रॅम अमोनिया चोवीस तासांत शून्य होऊ लागला आणि नायट्राइटही शून्य, मगच मासा.

आणताना पिशवी नको, झाकणाची बादली मागा. विकणाऱ्याच्या पाण्याचा खारटपणा फोनवर विचारून आपलं पाणी आधीच तेवढं करून ठेवा. रात्रभराच्या प्रवासात पाण्यात अमोनिया साचतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळं पीएच खाली असल्यानं तो फारसा बाधत नाही. झाकण उघडलं की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहर होतो. म्हणून तासभर थेंबथेंब पाणी घालत बसू नका. बंद बादली वीस मिनिटं तापमानाला आणा, उघडा, मासा लगेच टाकीत. बादलीतलं पाणी टाकीत नाही. जाळं वापरू नका, दात अडकतात आणि अंगावरचा चिकट थर निघतो. पाइपाच्या तुकड्यात शिरू द्या आणि पाइप उचला.

गोदाघाट (नांदेड)

एक राहिलं. तांब्याचं औषध या टाकीत कधीच नाही, सोबतच्या माशाला पांढरे ठिपके आले तरी. त्या माशाला वेगळं काढा. आणि पावसाळ्यात गल्लीत डासांची धूरफवारणी आली की खिडक्या बंद, सम्पवर ओला कपडा आणि एअर पंप अन् स्किमरची हवा तासभर बंद. धुरातलं ते पायरेथ्रॉइड कीटकनाशक हवेतून थेट पाण्यात ओढलं जातं. एअर पंप बंद करताना रिटर्न पंप चालू राहू द्या.

काळीमाती (जालना)

मुरूम टाकल्यावर एक पावसाळा जाऊ दिला तर उत्तम. तेवढा दम नसेल तर रोज पाणी मारून पंधरा दिवस तरी. काँक्रीट २१ दिवस ओलं ठेवा, त्याला ते आरओचं सांडपाणी वापरू नका, सळई गंजते.